पत्ता शेवटाकडून वाचा: ‘डॉट बँक डॉट इन’ आणि देशांच्या दोन अक्षरांबद्दल

बँकांच्या वेबसाइटचे पत्ते बदलले. कालपर्यंत शेवटी ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट को डॉट इन’ होतं, तिथे आता ‘डॉट बँक डॉट इन’ आलं. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०२५ मध्ये हे जाहीर केलं, एप्रिलमध्ये परिपत्रक काढलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत सगळ्या बँकांनी नव्या पत्त्यावर जावं असं बजावलं. यात सहकारी बँकाही आल्या, म्हणजे सांगली-साताऱ्याकडची जवळपास प्रत्येक पेठ आली.

पत्रकं लागली, एसएमएस आले आणि लोक बिचकले. बिचकणारच. गेली दहा वर्षं ज्यांना ‘अनोळखी लिंक उघडू नका’ असं ऐकवलं, त्यांच्याच मोबाइलवर बँकेच्या नावाने अनोळखी लिंक आली. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका शाखेत पासबुक भरायच्या रांगेत एक निवृत्त गुरुजी शिपायाला विचारत होते, “हा मेसेज तुम्हीच पाठवलाय ना? का कुणी भामट्याने?” शिपाई म्हणाला, “काका, आमचाच आहे.” गुरुजी म्हणाले, “भामटापण असंच म्हणेल की.” रांगेत हशा पिकला, पण गुरुजींचा मुद्दा बिनतोड होता. पत्ता खरा कसा ओळखायचा, हे त्या पत्रकात कुठेच लिहिलं नव्हतं.

ते ओळखायचं तर पत्त्याच्या शेवटच्या दोन अक्षरांपासून सुरुवात करायला हवी. ‘इन’ म्हणजे भारत, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती अक्षरं कुणी दिली, त्यांच्यावर हुकूम कुणाचा चालतो आणि त्यांच्या आधी ‘बँक’ लागल्याने फरक काय पडतो, हे सहसा कुणी सांगत नाही.

आधी नंबर, मग नाव

इंटरनेटवरची यंत्रं एकमेकांना नंबराने ओळखतात. नावं आपल्यासाठी आहेत, कारण नंबर आपल्या लक्षात राहत नाहीत. वेबसाइटच्या या नावाला डोमेन म्हणतात.

सुरुवातीला हा मामला फार छोटा होता. अमेरिकेतल्या अर्पानेट या नेटवर्कवर मोजकी यंत्रं होती आणि कोणत्या नावाचा कोणता नंबर याची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा. नवं यंत्र जोडायचं असेल तर त्यांना कळवायचं, ते यादीत भर घालायचे आणि बाकीच्यांनी ती यादी उतरवून घ्यायची. यंत्रं वाढली तशी यादी फुगली. एकाच नावावर दोघे हक्क सांगू लागले, आणि यादी उतरवून घेईपर्यंत ती जुनी होऊ लागली.

१९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने तोडगा मांडला. यादी एका जागी ठेवायचीच नाही, तिचे भाग पाडायचे आणि ज्याचा भाग त्याने सांभाळायचा. वरच्याला एवढंच ठाऊक हवं की खालच्या भागाचा कारभार कुणाकडे आहे, खालचा तपशील त्याला माहीत असायची गरज नाही. आज जगभर कोट्यवधी नावं आहेत आणि तीच व्यवस्था अजून चालू आहे. माझ्या मते इंटरनेटमधला सगळ्यात शहाणा निर्णय हाच.

जिल्हा आधी, गाव नंतर

‘मु. पो. सावळज, ता. तासगाव, जि. सांगली’ असं लिहिलेलं पत्र नागपूरच्या टपाल कचेरीत पडलं, की तिथला माणूस सावळज कुठे आहे ते शोधत बसत नाही. तो शेवटची ओळ बघतो आणि पत्र सांगलीच्या थैलीत टाकतो. सांगलीत तालुका बघितला जातो, तासगावात गाव. पत्ता लिहिताना आपण गावापासून जिल्ह्याकडे जातो, पत्र मात्र जिल्ह्याकडून गावाकडे जातं.

डोमेनचंही तसंच आहे. समजा तुम्ही ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन’ असं टाइप केलंत. तुमच्या मोबाइल कंपनीचा सर्व्हर आधी सर्वांत वरच्या पातळीवर विचारतो, “इनचा कारभार कुणाकडे?” या पातळीला ‘रूट’ म्हणतात. तिथून उत्तर येतं, “या भारतातल्या सर्व्हरकडे जा.” तो तिथे जाऊन विचारतो, “बँक डॉट इन कुठे?” आणि मग, “त्यातली अमुकबँक कुठे?” शेवटी हाती नंबर येतो आणि पान उघडतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं. शिवाय एकदा मिळालेलं उत्तर काही काळ जपून ठेवतात, त्यामुळे दरवेळी वरपर्यंत जावंही लागत नाही.

रूटवर तेरा सर्व्हर आहेत आणि त्यांना इंग्रजी ‘ए’ ते ‘एम’ अशी नावं आहेत. हे वाचून अनेकांना वाटतं की तेरा पेट्या बंद पाडल्या की इंटरनेट ठप्प. तसं होत नाही. नावं तेरा असली तरी त्यांच्या प्रती जगात हजाराहून जास्त ठिकाणी आहेत, आपल्याकडे मुंबई, दिल्ली आणि चेन्नईतही.

यातून एक गोष्ट निघते आणि पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पत्त्याचं वजन शेवटी असतं. डावीकडे कुणी काहीही लिहू शकतं. उजवीकडचं लिहायला मात्र कुणाची तरी परवानगी लागते.

दोन अक्षरं कुणी वाटली?

ऑक्टोबर १९८४ मध्ये जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स या अमेरिकी संगणकतज्ज्ञांनी एक टिपण काढलं. वरच्या पातळीवर कोणकोणती नावं असतील ते त्यात ठरलं. ‘कॉम’, ‘ओआरजी’, ‘ईडीयू’ अशी काही सर्वसाधारण नावं होती, आणि त्यांच्या जोडीला प्रत्येक देशासाठी दोन अक्षरं.

आता देश कोणता आणि कोणता नाही, हे ठरवायचं कुणी? संगणकवाल्यांनी हे लोढणं गळ्यात घेतलंच नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची, म्हणजे आयएसओची, देशांच्या संक्षेपांची एक यादी १९७४ पासून तयार होती. व्यापार, टपाल, बँका अशा कामांसाठी ती केलेली होती. पोस्टेल यांनी तीच उचलली. पुढे १९९४ च्या एका टिपणात त्यांनी स्पष्टच लिहिलं की कोणता देश हा देश आहे, हे ठरवणं आमचं काम नाही. जगातल्या कितीतरी तंट्यांतून त्यांनी या एका वाक्याने अंग काढून घेतलं. म्हणूनच चीनशी वाद असूनही तैवानला ‘डॉट टीडब्ल्यू’ आहे आणि पॅलेस्टाइनला ‘डॉट पीएस’. अंटार्क्टिकालासुद्धा स्वतःची दोन अक्षरं आहेत!

या यादीत अपवाद अर्थातच ब्रिटिशांचा. आयएसओप्रमाणे त्यांची अक्षरं ‘जीबी’, पण त्यांनी ‘यूके’ आधीच वापरायला घेतलं होतं, तेच पुढे चालू राहिलं.

बाकी नियम सोपा आहे. शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतील तर तो देशाचा किंवा प्रदेशाचा संक्षेप. तीन किंवा जास्त असतील तर सर्वसाधारण नाव. १९९८ पासून या वरच्या यादीचा समन्वय आयकॅन ही संस्था करते. तिच्यावर अमेरिकी सरकारची देखरेख होती, ती २०१६ मध्ये संपली.

‘डॉट इन’ जुहूत वाढलं

भारताला ‘इन’ मिळालं ८ मे १९८९ रोजी. त्याचा कारभार बरीच वर्षं मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या सरकारी संस्थेकडे होता. नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी हे तिचं पूर्ण नाव. पुढे ही संस्था सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत विलीन झाली. त्या काळात इंटरनेट म्हणजे आयआयटीसारख्या मोजक्या संस्थांना जोडणारं अर्नेट. सामान्य माणसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.

नाव हवं तर अटी भरपूर आणि कागदपत्रंही भरपूर. १९९२ ते २००४ या काळात ‘इन’खाली जेमतेम ७,००० नावं नोंदली गेली. त्याच काळात भारतीय कंपन्या धडाधड ‘डॉट कॉम’ घेत होत्या. रेडिफ, नोकरी, शादी हे सगळे ‘कॉम’वाले. परदेशी ग्राहकाला ‘कॉम’ जवळचं वाटतं हे एक कारण होतंच, पण तिथे पैसे भरले की काम होत होतं, हेही तितकंच खरं.

२००५ पासून चित्र पालटलं. नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही ना-नफा कंपनी केंद्र सरकारच्या पुढाकाराने २००३ मध्ये उभी राहिली होती. तिच्याकडे ‘इन’चा कारभार आला. जानेवारीत ट्रेडमार्कवाल्यांना आधी संधी दिली आणि १६ फेब्रुवारी २००५ पासून दार सगळ्यांना उघडलं. आज ‘इन’ची नावं चाळीस लाखांच्या घरात आहेत.

इथे दोन शब्द समजून घेतले की झालं. मूळ नोंदवही सांभाळते ती रजिस्ट्री. ‘इन’साठी ती निक्सी. आणि ग्राहकाकडून पैसे घेऊन त्या वहीत नाव चढवतो तो रजिस्ट्रार. असे रजिस्ट्रार बरेच आहेत, देशी आणि परदेशीही. तुमचा व्यवहार रजिस्ट्रारशी होतो, नियम मात्र रजिस्ट्रीचे चालतात.

उघडं दार आणि बंद दार

‘डॉट इन’ आणि ‘डॉट को डॉट इन’ ही उघडी दारं आहेत. पैसे भरा, ओळख पटवा, नाव घ्या. तुमचं नाव खरं का, धंदा खरा का, हे तिथे कुणी तपासत नाही. ‘को डॉट इन’ म्हणजे सरकारमान्य कंपनी असं अनेकांना वाटतं. तसं बिलकूल नाही.

काही दारं मात्र बंद आहेत. ‘जीओव्ही डॉट इन’ फक्त सरकारी कार्यालयांना मिळतं आणि ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे एनआयसी देते. ‘एसी डॉट इन’ शिक्षण संस्थांना मिळतं, ते अर्नेटमार्फत. शिवाजी विद्यापीठाचा पत्ता ‘एसी डॉट इन’ने संपतो, कारण ते विद्यापीठ आहे हे कुणीतरी कागद बघून मान्य केलेलं आहे.

‘बँक डॉट इन’ हे असंच नवं बंद दार. इथे रजिस्ट्रार एकच आहे, हैदराबादची आयडीआरबीटी. बँकिंग तंत्रज्ञानासाठी रिझर्व्ह बँकेनेच १९९६ मध्ये स्थापलेली ही संस्था. अर्ज फक्त बँकच करू शकते. ऑनलाइन दुकानातून कार्डावर पैसे भरून हे नाव मिळत नाही.

म्हणजे बदल एवढाच आहे. पूर्वी पत्त्यात ‘बँक’ हा शब्द कुणीही लिहू शकत होतं. आता शेवटच्या त्या दोन भागांत तो आला, तर ती बँक आहे हे कुणीतरी आधीच तपासलेलं आहे.

मग आता खोट्या वेबसाइट होणारच नाहीत?

होतील. भामटे काही संप करून घरी बसलेले नाहीत. बंद दारातून आत येता येत नाही म्हटल्यावर ते शेजारी तसंच दिसणारं दार रंगवतील. त्यांच्या तीन युक्त्या ओळखता आल्या तरी बरंच काम होतं.

पहिली, नाव डावीकडे टाकायचं. ‘अमुकबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी-अपडेट डॉट टॉप’ असा लांबलचक पत्ता येतो. मोबाइलवर तो दोन ओळींत मोडतो, पहिल्या ओळीत बँकेचं नाव दिसतं आणि आपण पुढे वाचतच नाही. इथे शेवट कुठे आहे? ‘टॉप’वर. म्हणजे ही साइट ‘केवायसी-अपडेट डॉट टॉप’ची आहे आणि आधीचा सगळा मजकूर तिच्या मालकाने आपल्या मर्जीने लिहिलेला आहे. सावळजचा माणूस पाकिटावर घराचं नाव ‘राजवाडा, सातारा’ असं लिहू शकतो, म्हणून पत्र साताऱ्याला जात नाही.

दुसरी, टिंबाच्या जागी आडवी रेघ. ‘अमुक-बँक-इन डॉट कॉम’. घाईत हे ‘बँक इन’ असंच वाचलं जातं. पत्त्याचे भाग पाडण्याचा मान फक्त टिंबाला आहे. रेघ हा नावाचाच भाग, तिला काही किंमत नाही.

तिसरी, तिरक्या रेघेनंतरचा मजकूर. ‘काहीतरी डॉट शॉप’, मग तिरकी रेघ आणि पुढे ‘बँक डॉट इन’. सुरुवातीच्या ‘एचटीटीपीएस’नंतर दोन तिरक्या रेघा असतात, त्या सोडा. त्यांच्यापुढे पहिली एकटी तिरकी रेघ जिथे येते, तिथे पत्ता संपला. तिच्यापुढे येतं ते त्या साइटमधल्या पानाचं नाव, आणि ते साइटवाला वाटेल ते ठेवतो. म्हणून आधी ती रेघ शोधा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचत या. पहिलं ‘इन’, मग ‘बँक’, मग तुमच्या बँकेचं नाव, नेमक्या त्याच स्पेलिंगमध्ये.

“पण कुलपाचं चिन्ह असेल तर साइट सुरक्षित ना?” हा प्रश्न हमखास येतो. ते चिन्ह एवढंच सांगतं की तुमच्या आणि त्या साइटच्या मधलं बोलणं तिसऱ्याला वाचता येत नाही. समोरचा सज्जन आहे की चोर, यावर ते काही बोलत नाही. चोराशीही गुप्तपणे बोलता येतं. कुलपाचं प्रमाणपत्र आज फुकट मिळतं, भामटेही घेतात.

आणि एक मर्यादा सरळ सांगायला हवी. तुम्ही फोनवर ओटीपी सांगितलात, किंवा व्हॉट्सॲपवर आलेलं ‘वाहन चलान’ नावाचं ॲप डाउनलोड केलंत, तर कोणतंही डोमेन तुम्हाला वाचवणार नाही. त्या फसवणुकीत पत्त्याचा संबंधच येत नाही. अशा वेळी सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी थांबवायचे असतात.

आमच्या ‘बँके’ला बँक डॉट इन का नाही?

हा प्रश्न आपल्याच भागात जास्त येणार, कारण आपल्याकडे पतसंस्थेलाही सर्रास ‘बँक’ म्हणतात. “बँकेत जाऊन येतो” म्हणून निघालेली मंडळी गल्लीतल्या पतसंस्थेत पिग्मी भरून येतात. लॉकर असतो, एफडी असते, व्याज दोन पैसे जास्त असतं. फरक कुणाच्या लक्षात येत नाही.

कायद्याने मात्र फरक मोठा आहे. नागरी सहकारी बँकेला रिझर्व्ह बँकेचा परवाना लागतो. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते आणि सहकार खात्याच्या निबंधकाच्या देखरेखीत चालते. म्हणून तिला ‘बँक डॉट इन’ मिळणार नाही, ती कितीही जुनी आणि भक्कम असली तरी. तिचा पत्ता ‘डॉट कॉम’ किंवा साधा ‘डॉट इन’ असेल, तर त्यावरून ती खोटी ठरत नाही.

पण या निमित्ताने एक गोष्ट तपासून घ्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे, सहकारी बँकेतल्या ठेवीलासुद्धा. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. सांगली-साताऱ्यात बुडालेल्या पतसंस्थांच्या दारात खेटे घालणारे ठेवीदार आपण पाहिलेले आहेत. वेबसाइटच्या शेवटच्या अक्षरांवरून त्यांना हा फरक आधी दिसला असता, तर काहींनी तरी सगळे पैसे एकाच जागी ठेवले नसते.

बँक नसलेल्या वित्त कंपन्यांसाठी ‘फिन डॉट इन’ असं वेगळं दार आणायचंही रिझर्व्ह बँकेने जाहीर केलं आहे.

दुसऱ्या देशाचं आडनाव लावलं तर?

आता देशांच्या अक्षरांच्या बाजाराकडे येऊ, कारण खरी गंमत तिथे आहे.

प्रशांत महासागरात तुवालू नावाचा बेटांचा देश आहे. लोकसंख्या साधारण ११,०००, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या गावाएवढी. यादीत त्याला अक्षरं मिळाली ‘टीव्ही’. जगभरच्या व्हिडिओवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. २००० मध्ये तुवालूने ही अक्षरं वापरायचा हक्क एका अमेरिकी कंपनीला दिला. सौदा बारा वर्षांत ५ कोटी डॉलरचा होता. त्याच वर्षी तुवालू संयुक्त राष्ट्रांचा सदस्य झाला आणि त्यासाठीचा खर्च याच पैशातून निघाला.

कॅरिबियन समुद्रातल्या अँग्विला बेटाचं नशीब त्याहून जोरावर. अक्षरं ‘एआय’. १९९५ पासून ती पडून होती म्हणा ना. २०२२ च्या अखेरीस कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि सोळा हजार वस्तीच्या या बेटाला २०२३ या एका वर्षात डोमेनमधून सुमारे ३.२ कोटी डॉलर मिळाले, सरकारच्या एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ पाचवा हिस्सा.

तर दुसऱ्याची अक्षरं घ्यायला बंदी नाही. सांगलीतल्या एखाद्या बेदाणा निर्यातदारानेही ‘डॉट को’ घ्यावं. फक्त ते ‘कंपनी’चं संक्षिप्त रूप नसून कोलंबिया देशाचं आहे, हे माहीत असावं. कारण अक्षरं ज्याची, नियम त्याचे. ते नियम बदलतात तेव्हा काय होतं, ते ब्रिटिशांनी भोगलं. युरोपीय संघाचं ‘डॉट ईयू’ संघातल्या लोकांसाठी आणि संस्थांसाठी होतं. ब्रिटन बाहेर पडल्यावर १ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटनमधल्या पत्त्यांवर नोंदलेली हजारो नावं बंद केली गेली. कुणी गुन्हा केला नव्हता की पैसे थकवले नव्हते. लिबियाच्या ‘डॉट एलवाय’खाली एक लिंक छोटी करून देणारी साइट होती. आपल्या कायद्याला हे पटत नाही म्हणून लिबियाने २०१० मध्ये तिचं नाव काढून घेतलं.

आणि देशच उरला नाही तर? युगोस्लाव्हियाचं ‘डॉट वाययू’ देश फुटल्यानंतरही रेंगाळलं आणि ३० मार्च २०१० रोजी कायमचं पुसलं गेलं. चेकोस्लोव्हाकियाचं ‘सीएस’ त्याआधीच गेलं होतं. उलट सोव्हिएत संघाला ‘डॉट एसयू’ मिळालं सप्टेंबर १९९० मध्ये, पुढच्या वर्षी डिसेंबरात देश विसर्जित झाला आणि डोमेन अजून जिवंत आहे!

सध्या चर्चा ‘डॉट आयओ’ची आहे. सॉफ्टवेअरवाल्यांचं हे आवडतं डोमेन ब्रिटनच्या ताब्यातल्या हिंदी महासागर प्रदेशाचं, म्हणजे चागोस बेटांचं आहे. ही बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर २२ मे २०२५ रोजी सह्या झाल्या. उद्या तो प्रदेश आयएसओच्या यादीतून वगळला, तर ‘आयओ’चा आधारच जातो. तसं झालं तरी नावं रातोरात बंद होणार नाहीत. आयकॅनच्या नियमानुसार गुंडाळायला पाच वर्षं मिळतात आणि ती मुदत आणखी पाच वर्षांपर्यंत वाढवता येते. पुण्यातल्या ज्या कंपन्यांनी हौसेने ‘आयओ’ घेतलंय, त्यांच्या हाताशी वेळ आहे.

मराठीत पत्ता लिहिता येतो का?

येतो. ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी ‘डॉट भारत’ सुरू झालं आणि सुरुवातीच्या भाषांमध्ये हिंदी, कोकणीबरोबर मराठीही होती. ‘मिरजसतार डॉट भारत’ असं अख्खं नाव देवनागरीत नोंदता येतं. त्याचीही रजिस्ट्री निक्सीच.

आतली यंत्रणा मात्र अजून इंग्रजी अक्षरांवरच चालते. म्हणून प्रत्येक देवनागरी नावाचं ‘एक्सएन’ने सुरू होणारं, अक्षरं-आकड्यांचं एक अगम्य रूप तयार होतं आणि पडद्यामागे तेच फिरतं. ब्राउझर आपल्याला देवनागरी दाखवतो.

मग आजूबाजूला ‘डॉट भारत’ दिसत का नाही? पत्ता चालतो, पण त्यावरचा ईमेल बऱ्याच अर्जांमध्ये चालत नाही. ‘वैध ईमेल टाका’ असं सांगून फॉर्म अडून बसतो. परदेशी गिऱ्हाइकाला टाइप करता येत नाही. खुद्द आपल्यालाही मोबाइलवर कीबोर्ड बदलायचा कंटाळा. माझं मत विचाराल तर मुख्य पत्ता साधा ‘डॉट इन’ ठेवावा आणि देवनागरी नाव जोडीला घेऊन त्यावर वळवावं. दुकानाच्या पाटीवर ते झकास दिसतं.

नाव घ्यायचं तर कुणाच्या नावावर?

हळदीच्या पेठेतला अडत्या असो, मिरजेतला तंतुवाद्यं बनवणारा असो की साताऱ्याचा कंदी पेढेवाला, वेबसाइट करायची म्हटली की काम एखाद्या ओळखीच्या पोराकडे जातं. तो डोमेन घेतो, साइट करतो, पैसे घेतो. तीन वर्षांनी तो पुण्याला नोकरीला जातो, त्याचा नंबर बदलतो आणि एके दिवशी साइट बंद पडते. चौकशी केली की कळतं, नाव नोंदलेलं त्याच्या नावावर, ईमेल त्याचा, मुदत संपल्याची सूचनाही त्यालाच गेलेली. पोराने मुद्दाम केलेलं नसतं, पण ज्याच्या हाती ससा तो पारधी.

डोमेन कुणी कायमचं विकत घेत नाही. ठरावीक मुदतीसाठी वापरायचा हक्क मिळतो, एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांचा. ‘डॉट इन’ला वर्षाला काही शे ते हजारभर रुपये पडतात. मुदत संपल्यावर सोडवून घ्यायला थोडे दिवस मिळतात, त्यात दंडही बसतो. तेही दिवस गेले की नाव पुन्हा बाजारात. मग ते कुणीही घेऊ शकतं, आणि चालत्या धंद्याच्या जुन्या नावावर टपलेले लोक असतातच.

म्हणून रजिस्ट्रारकडचं खातं स्वतःच्या किंवा फर्मच्या नावाने काढा. ईमेल असा द्या जो तुमचाच आहे आणि जो रोज बघितला जातो. त्या डोमेनवरचा ईमेल मात्र तिथे देऊ नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडेल आणि सूचना वाचणार कुठे? साइट करणाऱ्याला कामापुरता प्रवेश द्या. निक्सीच्या साइटवर ‘हूइज’ नावाची शोधसोय आहे. तिथे आपलं नाव टाकलं की नोंद कधी झाली, रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते, ते दिसतं. संशयास्पद ‘डॉट इन’ साइटही तिथे टाकून बघता येते. चाळीस वर्षं जुन्या पेढीचं नाव सांगणारी साइट गेल्या आठवड्यात नोंदलेली निघाली, तर काय ते समजून जा.

तुमचं नाव दुसऱ्याने बळकावलं असेल तर ‘इन’साठी निक्सीची स्वतःची तंटा सोडवायची पद्धत आहे. कोर्टाच्या पायऱ्या न चढता लवादापुढे दाद मागता येते. तिथे तीन गोष्टी दाखवाव्या लागतात. ते नाव तुमच्या ट्रेडमार्कशी किंवा व्यापारी नावाशी जुळतं, समोरच्याचा त्यावर रास्त हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं किंवा वापरलं. ट्रेडमार्कची नोंदणी हाताशी असेल तर पहिली गोष्ट सोपी जाते. ती नसेल तर जुनी बिलं, दुकानाचा परवाना, जाहिराती असं जे असेल ते गोळा करून ठेवा.